प्रश्न तुमचे, पायवाट सोपी: जंगल आणि समुद्र एकाच सहलीत

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणारी पत्रं एकाच दिशेला वळतात. घाट उतरायचा, जंगलात थोडं चालायचं, संध्याकाळी समुद्र बघायचा, आणि सोबत पोरंबाळं, आजी-आजोबा, एखादं तान्हं. या अंकात अशीच पत्रं एकत्र घेतली आहेत. ज्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत होती ती जोडून टाकली आहेत.

मुलं सहा आणि दहा वर्षांची. जंगल आणि समुद्र दोन्ही हवंय, पण गड चढायचा नाही. कोल्हापूरहून कुठं जावं? (इचलकरंजी)

आधी दिवस किती आहेत ते सांगा, मग जागा ठरते. एकच दिवस असेल तर समुद्राचा नाद सोडा. घाट उतरून परत चढण्यात सात-आठ तास गाडीतच जातात आणि मुलं जंगलात पोचतात तीच आंबलेली. एका दिवसासाठी दाजीपूर बरं. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल पुढे १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. इथली बहुतेक फेरी गाडीतून होते, पायी चालायचे तुकडे थोडे आणि वाटाड्यासोबतच. लहान मुलांना जंगलात गप्प बसायची सवय लागायला हे बरंच आहे. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. पाऊस सरल्यावर कधी उघडतंय ते वनखात्याच्या राधानगरी कार्यालयात विचारूनच निघा.

दोन रात्री असतील तर आमची पहिली पसंती गोव्यातल्या काणकोण तालुक्यातलं खोतीगाव अभयारण्य. साधारण ८६ चौरस किलोमीटरचं जंगल, काणकोणचं चावडी गाव सोडून कारवारकडे जाताना महामार्गापासून जरासं आत. पाळोळे आणि आगोंदचे किनारे तिथून हाकेच्या अंतरावर. कुटुंबासाठी ते सोयीचं का, तर आखलेल्या पायवाटा. अर्ध्या किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या वाटा आहेत, त्यामुळे सहा वर्षांच्या पोराला झेपेल तेवढंच निवडता येतं. झाडावर बांधलेलं मचाण आहे. तिथं सकाळी आठच्या आत पोचलात तर पाणवठ्यावर काहीतरी दिसायची शक्यता असते. दहानंतर दिसतात ती माणसं. वाघ-बिबट्याची आशा मुलांना दाखवू नका. शेकरू, वेगवेगळे पक्षी, फुलपाखरं आणि खाली पडलेल्या शेंगा एवढ्यावर सकाळ मजेत जाते.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेनं खोतीगावला सहा-सात तास धरा. जाताना आंबोलीत दीड तास काढला तर हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी जाणारी छोटी, जवळपास सपाट वाट पायाखालून घालता येते. याच उगमाच्या पाण्यात सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीला २०२० मध्ये हिरण्यकेशीचंच नाव मिळालं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. म्हणून कुंडातल्या माशांना चुरमुरे टाकणं आणि पाण्यात साबण लावणं बंद ठेवा.

तीन-चार दिवस हाताशी असतील तर रायगड जिल्ह्यातलं फणसाड. मुरूड तालुक्यातलं हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. सुपेगावच्या बाजूनं आत जातात. जंगलातल्या पाणवठ्यांना तिथं ‘गाण’ म्हणतात आणि वाटा एका गाणीकडून दुसरीकडे जातात, त्यामुळे मुलांना ‘पुढच्या गाणीपर्यंत’ असं ठिकाण सांगता येतं. गारंबीच्या हातभर लांब शेंगा आणि शेकरूची घरटी ही तिथली खास गंमत. काशीदचा किनारा जवळच. पण कोल्हापूरहून आठ तासांच्या खाली धरू नका, आणि पोचल्या दिवशी चालायला जाऊ नका.

पाटीवर तीन किलोमीटर लिहिलं होतं. आम्हाला अडीच तास लागले आणि परतताना अंधार पडायला आला. काय चुकलं? (शाहूपुरी, कोल्हापूर)

चालण्यात काही चुकलं नाही. किलोमीटर मोजले, वेळ मोजली नाही, एवढंच झालं. रंकाळ्याभोवती ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस जंगलात मुलांसोबत ताशी दोन किलोमीटर चालतो. मुळं, सुटे दगड, प्रत्येक किड्यापाशी थांबा. हिशेब असा करा: दर किलोमीटरला अर्धा तास, दर शंभर मीटर चढाला वरून पंधरा मिनिटं, आणि दर पाऊण तासाला दहा मिनिटं विसावा. तुमच्या तीन किलोमीटरला चढ शे-सव्वाशे मीटर असेल तर दीड तास, अधिक वीस मिनिटं, अधिक दोन विसावे, म्हणजे सव्वादोन तास होतातच. शिवाय फोटो काढण्यात जातो तो वेळ वेगळाच.

परत कधी फिरायचं तेही निघतानाच ठरवा. हाताशी असलेल्या वेळेचे तीन सारखे हिस्से करा, पहिला संपला की जिथं असाल तिथून मागे. दुसरा हिस्सा परतीला, तिसरा अडचणीला. चार तास असतील तर एक तास वीस मिनिटांनी वळायचं, धबधबा पुढच्याच वळणावर असला तरी. हा नियम मोठ्यांना जड जातो, मुलांना नाही. मुलांना धबधब्याचं फारसं काही नसतं, त्यांना खाऊ कधी उघडायचा याचीच काळजी.

थंडीत आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण गर्द झाडीखाली त्याच्या अर्धा तास आधीच वाट दिसेनाशी होते. पाचला गाडीपाशी असलं पाहिजे. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका. फोटो काढून काढून संध्याकाळपर्यंत त्याची बॅटरी संपलेली असते, आणि तोच एकमेव फोन रस्ता विचारायलाही लागणार असतो. एक साधी हातातली बॅटरी वेगळी ठेवा.

कोकणात चालताना पोरगी एकदम मलूल झाली. ऊन तर फार नव्हतं. घरी ती दिवसभर हुंदडते. (जयसिंगपूर)

ऊन नव्हतं, पण दमट होतं. घाटावरच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार होतं. घाटाखाली घाम अंगावरून ओघळतो, उडत नाही, त्यामुळे आतली उष्णता आतच राहते. सावलीतही तेच. शिवाय मूल लहान म्हणून त्याचं अंग लवकर तापतं आणि ते ‘तहान लागली’ म्हणून सांगत नाही. बडबडं मूल गप्प झालं, वाटेत बसायला लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, चार-पाच तासांत लघवीला गेलं नाही, तर चालणं तिथंच थांबवा. सावलीत बसवा, कपडे सैल करा, मान, काखा आणि कपाळ ओल्या फडक्यानं पुसून वारा घाला, पाणी घोट-घोट द्या. असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा झापड यायला लागली तर १०८ ला फोन करा आणि अंग गार करत राहा.

पाण्याचं माप: मोठ्याला तासाला अर्धा लिटर, मुलाला पाव लिटरपेक्षा थोडं जास्त. दोन मोठे, दोन मुलं, तीन तास म्हणजे जवळपास पाच लिटर. हे पाच किलो वजन होतं, ते एकाच पाठीवर टाकलं की तो माणूस अर्ध्या वाटेत ‘एवढं कशाला आणलं’ म्हणतो आणि ओतून देतो. वाटून घ्या. मुलाच्या पाठीवर त्याची अर्ध्या लिटरची बाटली असू द्या, स्वतःची बाटली असली की ती पितात.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पुरी एक लिटरमध्ये. ती फुलपात्रात कालवून दिली की मीठ जास्त होतं आणि त्रास वाढतो. दोनशे मिलीसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा पाकिटावर वाचा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधली गोड सरबतं हा त्याला पर्याय नाही.

मार्च ते मे जायचंच असेल तर साडेसहाला चालायला लागा आणि दहाला आटपा. आमचं मत विचाराल तर उन्हाळा आजोळी आमरस खायला ठेवा, जंगल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

आईचं वय ६६, गुडघे दुखतात. तिला न्यावं का? (कसबा बावडा)

न्यावं, पण पायऱ्यांच्या जागी नाही. लोक उलटं करतात: ‘पायऱ्या आहेत, सोपं आहे’ म्हणून आईला घेऊन जातात. गुडघ्याला चढ त्रास देत नाही तेवढा उतार देतो, आणि दगडी पायऱ्यांचा उतार सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक पायरीला सगळं वजन वाकलेल्या एका गुडघ्यावर येतं. त्यापेक्षा मातीची, हलक्या उताराची वाट बरी. खोतीगावच्या छोट्या वाटा, हिरण्यकेशीची वाट आणि किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू चालेल. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पाय रुततो आणि गुडघा मुरगळतो.

काठी द्या. सरळ उभं राहून काठी टेकल्यावर कोपर काटकोनात येईल एवढी तिची उंची हवी. उतरताना चार बोटं लांब असली तर आणखी बरं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि दुखऱ्या बाजूलाच धरली तर उपयोग अर्धा होतो. उतारावर तुम्ही आईच्या पुढे, एक पाऊल खाली चाला. मागून दंड धरू नका, त्यानं तोल जातो.

कोल्हापुरी पायताण घालून गेलं तर? (राजारामपुरी)

किनाऱ्याजवळच्या गावातून मिरवायला घाला, जंगलात नको. चामड्याचा तळ ओल्या जांभ्या दगडावर आणि शेवाळावर सरकतो, आणि भिजलं की तुमचं पायताणही गेलं. रबरी, खाचांचा तळ असलेले बूट हवेत. जुने स्पोर्ट्स शूज असतील तर उलटे करून तळ बघा, पुढच्या भागातल्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर तेही नकोत. मुलांना अर्धा नंबर मोठे घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. नवे कोरे बूट सहलीला पहिल्यांदा घालू नका.

जंगलातून निघून किनाऱ्यानं चालत पलीकडच्या गावात जायचंय. भरती कधी ते कसं कळणार? (गडहिंग्लज)

घरातल्या कालनिर्णयात तिथी बघा. तिथीचा आकडा पाऊणनं गुणला की भरतीची वेळ निघते, शुक्ल पक्ष असो की कृष्ण. दशमीला दहा गुणिले पाऊण म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातच्या आसपास भरती, मग साधारण सव्वासहा तासांनी, दुपारी पावणेदोनच्या सुमारास ओहोटी, रात्री आठच्या आसपास पुन्हा भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारच्या आधी-नंतर येते, म्हणजे किनारा रुंद मिळतो तो संध्याकाळी. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, ओहोटी भर दुपारी. हा हिशेब ढोबळ आहे. मुंबई-अलिबागकडे तो बरा जुळतो, मालवण-गोव्याकडे पाणी थोडं आधी चढतं. तास-दीड तास हातचा राखा, आणि त्या दिवसाची नेमकी वेळ गावातल्या होडीवाल्याला विचारून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती यांत फरक मोठा. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, गोव्याकडे दोनच्या आसपास. म्हणून फणसाड-काशीदच्या बाजूला जास्त सावध राहा.

अडकायला होतं ते वाळूवर नाही, खडकाच्या टोकापाशी. दोन किनाऱ्यांच्या मधे डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं असतं, ओहोटीला त्याच्या पायथ्यानं जाता येतं, आणि परत येईपर्यंत वाट बुडालेली असते. असं टोक ओहोटीच्या दोन तास आधीपासून ओहोटीनंतर एक तासापर्यंत याच वेळात ओलांडा. आणि परतायचंही तिथूनच असेल तर ते सगळं याच तीन तासांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर वरच्या गावरस्त्यानं जा. हिरवा-काळा शेवाळलेला खडक दिसला की मुलांचा हात धरा.

साप, गोचीड, जळवा, खाजकुयली. बायको या चार नावांवरच येत नाही म्हणते. (वारणानगर)

वहिनींची भीती अगदीच खोटी नाही, पण चारही गोष्टींना उपाय आहे.

कोकणात जास्त धास्ती फुरशाची. वीत-दीड वीत ते हातभर लांबीचा, जांभ्याच्या दगडांखाली बसणारा. म्हणून दगड उलटायचे नाहीत, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, बसण्याआधी काठी आपटायची, लघवीला झुडपात जाणाऱ्या मुलासोबत मोठ्यानं जायचं. चावलाच तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, लाकडाची फळी किंवा वर्तमानपत्राची घडी बांधून आधार द्या, अंगठ्या-पैंजण काढा, उचलून गाडीत घाला आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. दोरी आवळणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं यातलं काही नको. साप मारून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते. लाल विंचवाचा दंशही कोकणात अंगावर येऊ शकतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलेल्या प्रॅझोसिनच्या उपचारानं अशा दंशातले मृत्यू खूप कमी झाले आहेत.

गोचिडाचं प्रकरण सिंधुदुर्गात गंभीर आहे. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडातून पसरतो. डिसेंबर ते मे जास्त सांभाळा. पॅंट मोज्यांत खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबून निघून जा आणि वनखात्याला कळवा. संध्याकाळी मुलांच्या काखा, जांघा, कानामागे आणि केसांत बघा. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडीचा चटका नको, त्यानं तो आतलं आणखी ओकतो. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे वाक्य आधी सांगा.

जळवा पावसाळ्यातच. ओढू नका, बारीक टोकाच्या बाजूला नख घालून सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, ते तिच्या लाळेमुळे. दाबून धरलं की थांबतं.

खाजकुयलीच्या शेंगा थंडीत पिकतात आणि त्यांची मखमली लव वाऱ्यानंही अंगावर येते. लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी त्वचेवर हलकी लावून उचला, तीन-चार वेळा, मग पाण्यानं धुवा, कपडे बदला. आणि यादीत पाचवं नाव घाला: कच्ची काजूबी. पोरं ती दातानं फोडतात आणि टरफलातल्या चिकानं ओठ भाजून फोड येतात.

वाटेत गवा समोर आला तर? (कागल)

थांबा. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो आणि त्याला पळायला वेळ लागत नाही. कळप सहसा आपणच बाजूला होतो, एकटा नर आणि वासरासोबतची गाय यांच्यापासून जपायचं. गवा आडवा उभा राहून अंगाचा पूर्ण आकार दाखवायला लागला, फुत्कारला, डोकं खाली घातलं, की तो ‘मागे व्हा’ म्हणतोय. मुलांना मोठ्यांच्या मागे घ्या, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका, मधे मोठं झाड येईल असं बघा. पळणं, ओरडणं, दगड मारणं, फ्लॅश मारणं नको. गाडीत असाल तर हॉर्न नको, इंजिन बंद करून तो जाईपर्यंत बसा. पन्नास मीटरपेक्षा जवळचा फोटो चांगला आला तर समजा चूक झाली. महाराष्ट्रात वनखात्याची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते.

आठ महिन्यांचं बाळ पाठीवरच्या झोळीतून नेता येईल का? (पन्हाळा)

बाळ आधाराशिवाय नीट बसत असेल तर येईल, दीड तासाच्या आतल्या सपाट वाटेवर. चालणारा तुम्ही, घाम तुम्हाला. बाळ हलत नाही, त्यामुळे त्याला थंडी आणि ऊन दोन्ही तुमच्यापेक्षा वेगळं लागतं. दर वीस मिनिटांनी मानेला हात लावून बघा, झोळीच्या पट्ट्या जांघेत रुतत नाहीत ना ते बघा आणि तासाला एकदा बाहेर काढून पाय मोकळे करू द्या. खाली वाकताना गुडघ्यात वाका, कमरेत वाकलात तर बाळ डोक्यावरून पुढे येतं. फांदी तुमच्या डोक्याला लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, पाठीवरच्या बाळाचं डोकं तुमच्यापेक्षा वर असू शकतं.

घाटात मुलं ओकतात. सकाळी काय खायला द्यावं? (उचगाव)

मिसळ सोडून काहीही. दशमी, केळं, कोरडी भाकरी-चटणी थोडीशी, निघायच्या तासभर आधी. रिकाम्या पोटानंही मळमळतं. मूल मधल्या जागेवर, नजर समोरच्या काचेतून बाहेर, हातात मोबाईल नाही. गोळी द्यायची असेल तर वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी, घाट लागल्यावर नव्हे. वाटेतल्या खाऊला गूळ-शेंगदाणे आणि धपाटे घ्या. वेफर्सनं तहान वाढते आणि पिशवी जंगलात राहते.